काजूच्या जुन्या कारखान्यातला रविवारचा शेतकरी बाजार

‘शेतकरी बाजार’ असे नाव लावून गेल्या काही वर्षांत गोव्यात बरेच काही उघडले आणि त्यातले बरेच मिटलेही. अशा बाजाराची परीक्षा माझ्यापुरती एकाच गोष्टीने होते: समोर बसलेल्या माणसाला त्याच्या मालाबद्दल काय विचारता येते आणि त्यावर तो काय सांगू शकतो. भाजी ताजी आहे की नाही, हा त्याच्या नंतरचा प्रश्न. ताजी भाजी बेळगावहून चोर्ला घाटाने रात्रीत उतरणाऱ्या ट्रकांतही असते आणि नाक्यावरच्या ‘हॉर्टिकल्चर’च्या गाड्यावर ती सरकारी सवलतीच्या दरात मिळतेही, त्यासाठी रविवारी सकाळी पावसात गाडी काढून मुद्दाम कुठे जाण्याचे कारण नाही. म्हापशाच्या वेशीवर, बंद पडलेल्या एका काजूच्या कारखान्यात दर रविवारी भरणारा बाजार या परीक्षेत अर्धा उतरतो. तो अर्धा भाग इतका चांगला आहे की उरलेल्या अर्ध्याबद्दल चार शब्द स्पष्ट लिहिणे भाग आहे. माझ्या भेटी श्रावणातल्या, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आलेली असतानाच्या आहेत. थंडीत वायंगणी भाज्या निघाल्यावर या बाजाराचे रूप वेगळे असणार, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

आधी जागेविषयी, कारण या बाजाराचे निम्मे गुण आणि दोष जागेतूनच आले आहेत. काजूप्रक्रियेचे असे मध्यम आकाराचे कारखाने गोव्यात गावोगावी होते. स्थानिक बी पुरेनाशी झाली तेव्हा ते आफ्रिकेतून आणलेल्या कच्च्या बियांवर चालू लागले आणि पुढे बियांचे दर, मजुरी आणि व्हिएतनामसारख्या देशांतल्या स्वस्त गराची स्पर्धा या तिन्हींच्या कात्रीत सापडून त्यांतले बरेच थकले. अशा कारखान्याची बांधणी कामाच्या क्रमाने होत असे. फाटकातून आत शिरताच बिया वाळत घालण्याचे विस्तीर्ण सिमेंटचे अंगण, त्याच्या कडेला बिया वाफवण्याचा बॉयलर आणि त्याचे धुराडे, पलीकडे बिया फोडण्याचे लांबलचक दालन, त्याला लागून गर सुकवण्याची बंद भट्टी म्हणजे बोर्मा, आणि शेवटी साल काढून गराची प्रतवारी करण्याची उजेडाची खोली. हा क्रम इथे तसाच ठेवला आहे. ज्यांनी जागा बदलली त्यांनी भिंती गिलावा लावून गुळगुळीत केल्या नाहीत, धुराड्याला रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या नाहीत, आणि उत्तरेकडच्या उंच खिडक्या, ज्या एकेकाळी गराचा पांढरेपणा पारखण्यासाठी ठेवल्या होत्या, त्या बुजवल्या नाहीत. भाजी पाहायला यापेक्षा चांगला उजेड मला अन्य कुठल्याही बाजारात मिळालेला नाही. पत्रे मात्र नवे घातले आहेत आणि पावसाची सर आली की त्यांच्यावर असा गजर होतो की भाव विचारायलाही कानाशी तोंड न्यावे लागते.

फाटकाजवळच्या भागाबद्दल फार लिहावे असे काही नाही. तिथे साबण, मेणबत्त्या, हाताने रंगवलेल्या पिशव्या, बाटलीबंद सरबते आणि खाण्याचे ठेले आहेत. एका कोपऱ्यात गिटार घेऊन एक तरुण बसतो. या मंडळींवर माझा राग नाही, त्यांच्या भाड्यावरच बाजार चालत असावा. पण पहिल्यांदा येणारा माणूस एवढेच पाहून, एक कॉफी पिऊन, शेतकरी कुठे आहेत असे म्हणत परत जाऊ शकतो, आणि तशी दोन कुटुंबे माझ्या डोळ्यांदेखत परत गेली. मागे जायचा रस्ता दाखवणारी पाटी हवी, आणि ती कोंकणी-मराठीतही हवी.

खरा बाजार बिया फोडण्याच्या दालनात आहे. ज्या लांब बाकांपुढे पायाने दाबायची यंत्रे घेऊन बायांच्या रांगा बसत, तेच बाक आता मांडणी म्हणून वापरात आहेत. काजूच्या टरफलातले तेल कातडी जाळते. त्यापासून हात वाचवण्यासाठी फोडणाऱ्या बाया राख किंवा खाण्याचे तेल चोपडून बसत, आणि टरफलातले ते तेल वर्षानुवर्षे लाकडात मुरून बाकांवर काळे डाग उठले आहेत. ते घासून जाण्यासारखे नाहीत. व्यवस्थापकांनी शहाणपणाने त्यांच्यावर कडाप्पा बसवला आहे, त्यामुळे भाजी लाकडाला टेकत नाही आणि पाणी मारून मांडणी धुताही येते. याच दालनात पूर्वी बिया फोडायला बसणारी एक बाई आता तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, आणि अळू विकते. तिने निवडलेली जागा दाराजवळची नाही, मोक्याची म्हणावी अशीही नाही. कारण विचारल्यावर तिने वर बोट दाखवले. पत्रे नवे असले तरी पन्हळ जुनीच आहे आणि कुठल्या वाशाखाली गळते, हे तिच्याइतके कुणालाही ठाऊक नाही. शेजारच्या दोघांनी भाजीच्या टोपल्या दोन वेळा सरकवल्या तरी तिची मांडणी कोरडी होती.

तिच्या तांबड्या भाजीची जुडी हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. केळीच्या सोपाची ओली पट्टी काढून तिने जुडी बांधलेली असते, मुळे धुतलेली पण कापलेली नसतात आणि मुळांशी थोडी माती चिकटलेली असते. पाने खालच्या बाजूने उलटून पाहिली तर कुठे किड्याने पाडलेली भोकेही दिसतात. ती भोके ती लपवत नाही. पाने तोडून साफ केलेली, पाणी मारून टवटवीत दिसणारी भाजी दुपारपर्यंत मलूल होते. मुळांसकट ठेवलेली ही जुडी घरी मुळे पाण्यात बुडवून ठेवली तर दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळीही ताठ असते. बारीक चिरून, कांदा आणि हिरवी मिरची घालून, वरून ओले खोबरे पेरून केलेल्या भाजीचे पाणी ताटात गर्द लाल उतरले की ती जुडी कुणाच्या परसातली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

श्रावणात येणाऱ्याने या दालनात सर्वांत आधी सात शिरांची भेंडी शोधावी. ही भेंडी नेहमीच्या पाच शिरांच्या भेंडीपेक्षा लांब, फिकट हिरवी आणि बोटभर जाड असते, आणि तिसवाडीतल्या जुवें बेटाशी, म्हणजे सांत इस्तेवशी, तिचे नाव इतके जोडलेले आहे की तिथल्या लोकांना सगळा गोवा भेंडेकर म्हणतो. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पारखायची रीत सोपी आहे: टोक अंगठ्याने दाबावे, कट्कन मोडले तर घ्यावी, वाकले तर ठेवून द्यावी. वीतभर लांबीची भेंडी पाहून नवखा माणूस ती जून झाली असेल असे समजतो, पण हिचा गुणच असा की लांब झाली तरी ती कोवळी राहते. दोन विक्रेत्यांकडे ती होती. पहिल्याला विचारले तर त्याने नुसते “गोंयचे” म्हटले आणि पिशवी उघडून धरली. दुसरीने, डिचोलीकडून आलेल्या एका मध्यमवयीन बाईने, भेंडे खंयचे या प्रश्नाला मान वर न करताच उत्तर दिले: “बीं कुळारचें, भाट घोवाचें.” माहेरहून आणलेले बी ती सासरच्या भाटात, म्हणजे बागेत, लावते, त्यातली चार भेंडी झाडावरच वाळू देऊन पुढच्या वर्षाचे बी धरते, आणि यंदा आषाढात पाऊस लागून राहिल्यामुळे फूल गळाले म्हणून टोपली निम्मीच भरली आहे, असे तिने पुढे विचारल्यावर सांगितले. शेतकरी बाजार म्हणून मला जे हवे आहे ते हेच. पहिल्याची भेंडीही वाईट नसेल, पण तिच्यासाठी इथवर येण्याची गरज नव्हती.

दालनात बसण्यासाठी व्यवस्थापन विक्रेत्याकडून शेतकऱ्यांना कृषी खात्याकडून मिळणारे कृषी कार्ड मागते. हा नियम कडक वाटला तरी त्याचा परिणाम दिसतो: श्रावणात इथे फ्लॉवर नाही, कोबी नाही, ढोबळी मिरची नाही. आहेत ती फागलां, घोसाळी, पडवळ, दोडकी, वाल, काकडीहून तिप्पट मोठी तवशी, चिबूड, अळू, आंबाडे, हिरव्या तेफळांचे घोस आणि पातोळ्यांसाठी हळदीच्या पानांच्या चळती. महाराष्ट्रातून आलेल्या वाचकांसाठी सांगायचे तर फागलां म्हणजे त्यांची कंटोळी. इथली आकाराने लहान आणि बी न धरलेली असतात, ती सुरीने दोन फाकी करून रवा लावून तळावीत. मिश्र भाज्यांच्या खतखत्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे सामान एका ओळीत मिळते, आणि श्रावण पाळणाऱ्या घरांना त्याची किती गरज असते हे सांगायला नको. एका मांडणीवर मात्र ‘आगशीची वांगी’ अशी पाटी लावून जांभळी वांगी ठेवली होती. आगशीची वांगी भाताची कापणी झाल्यावर थंडीत लावली जातात. ती ऐन श्रावणात कुठून आली, या प्रश्नाला विक्रेत्याने हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवले. कार्ड तपासणे सोपे असते, टोपली तपासणे कठीण. व्यवस्थापनाने कुठल्या महिन्यात कुठला स्थानिक माल असतो याचा एक तक्ता दाराशी लावला तरी असले प्रकार आपोआप थांबतील, कारण मग गिऱ्हाईकच विचारू लागेल.

तिथून बोर्म्यात जावे. जाड भिंतींची, एकच दार असलेली ही भट्टीची खोली. जाळीच्या फळ्यांवर गर पसरून तो गरम हवेत सुकवत, म्हणजे आतली साल सुटी होत असे. आता भट्टी पेटत नाही, पण पावसाळ्यात सगळा गोवा ओलावलेला असताना या खोलीतली हवा कोरडी लागते, आणि म्हणून सुका माल इथे ठेवण्याचा निर्णय मला या सगळ्या बदलातला सर्वांत हुशारीचा वाटला. त्याच जाळीच्या फळ्यांवर सोलां म्हणजे आमसोले, चिंचेचे गोळे, चवळीसारखे आळसांदे, कुळीथ, नाचणी आणि तांदूळ मांडलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत पुरुमेंताच्या फेस्ताला, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बाजारात, ज्यांना बेगमी जमली नाही, त्यांना ती इथे पुरी करता येईल, अर्थात थोडे जास्त पैसे मोजून.

इथे कोरगुट तांदळाचा एक विक्रेता आहे, आणि त्याच्यापुढे मी गरजेपेक्षा जास्त वेळ उभे राहण्याचे कारण म्हणजे तो आपल्या तांदळाची कमतरता आधी सांगतो. कोरगुट हे खाजन शेतीतले भात. नदीच्या खाऱ्या पाण्याला बांध आणि मानशी, म्हणजे पाणी अडवणारी दारे, घालून राखलेल्या सखल जमिनीत, जिथे इतर जाती मीठ लागून करपतात, तिथे ते तग धरते. म्हणूनच ओल्ड गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने क्षार सोसणाऱ्या नव्या जाती काढताना या जुन्या बियाण्याचा आधार घेतला. पण त्याचे उत्पादन कमी, दाणा जाड आणि तांबूस, आणि भात मोकळा होईल अशी आशा कुणी धरू नये. हा तांदूळ पेजेचा आहे, पुलाव करून बघू नका, असे विक्रेता स्वतःहून बजावतो. उकडा असल्यामुळे तो शिजायला वेळ घेतो. रात्री भिजत घातला तर सकाळी गॅस वाचतो. ऑगस्टात मिळणारा तांदूळ अर्थातच गेल्या हंगामाचा असतो, तेव्हा मूठभर हातावर घेऊन त्यात किडा किंवा पीठ आहे का ते पाहावे. मी पाहिले त्या पोत्यात नव्हते, आणि कडुनिंबाची वाळलेली पाने मात्र होती.

मिरचीच्या बाबतीतही इथे तसाच सरळपणा आढळला. काणकोण तालुक्यातल्या खोल गावची मिरची, जिला मानांकन आहे, ती डोंगरउतारावर निव्वळ पावसाच्या पाण्यावर पिकते. ऑगस्टात झाडे अजून उतारावरच असतात. त्यामुळे आता सुकी मिळते ती गेल्या वर्षीचीच, आणि विक्रेती तसे सांगते: “आतां नवी खंय मेळटा? ही पोरूंची.” रंग किंचित उतरलेला होता, वास मात्र पुरता होता. भाव किलोला सहाशेच्या पुढेच जातो, पण पाव किलोच्या आतही ती तोलून देते. ही मिरची रंगाला जास्त आणि तिखटाला बेताची असल्यामुळे आंबट-तिखट हुमणाला किंवा शाकाहारी दिवसांत आंबाड्याच्या रोसाला तिने जो रंग येतो तो पाकिटातल्या पुडीने येत नाही. मनातला हिशेब असा की नोव्हेंबरात नवी मिरची येईपर्यंत लागेल तेवढीच आता घ्यावी.

बोर्म्यातून बाहेर पडताना मनात आलेला एक प्रश्न इथे लिहिल्यावाचून राहवत नाही. काजूच्या कारखान्यातल्या बाजारात काजूगर कुठे आहे? तो आहे, पण फाटकाजवळ, चकचकीत डब्यांत. गोव्याच्या काजूला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून डब्यावर ‘गोवा’ ही अक्षरे पूर्वीपेक्षा मोठी झाली आहेत. बी कुठली, या प्रश्नाला तिथल्या मुलाने “गोंयचेच, हांगाच पॅक करतात” असे उत्तर दिले. पॅक इथे होणे आणि पिकणे इथे होणे यांत आफ्रिकेपासून गोव्यापर्यंतचे अंतर असू शकते, हे कारखान्याच्या भिंतींनाही माहीत आहे. डब्यावर 240 हा आकडा होता. त्याचा अर्थ एका पौंडात साधारण तेवढे गर बसतात इतकाच, म्हणजे आकडा जितका लहान तितका गर मोठा. बी कुठल्या गावची, याबद्दल तो आकडा काही बोलत नाही. सत्तरीतल्या एखाद्या बागायतदाराला इथे आपल्या झाडांचा, सालीसकट भाजलेला गर विकू द्यावा. डबा नसला तरी गिऱ्हाईक मिळेल.

‘सेंद्रिय’ या शब्दाच्या पाट्याही बऱ्याच आहेत, आणि त्याबद्दल गिऱ्हाइकांमध्ये गैरसमज फार आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांप्रमाणे सेंद्रिय म्हणून माल विकायचा तर प्रमाणपत्र लागते, मग ते निर्यातीच्या धर्तीचे त्रयस्थ संस्थेचे असो किंवा शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांच्या शेतांची तपासणी करून द्यायचे, पीजीएस-इंडिया या नावाने ओळखले जाणारे असो. मात्र थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला यातून सूट आहे. म्हणजे परसातली भाजी विकणाऱ्या बाईकडे कागद नसला तर ती फसवते आहे असे नाही, आणि पाकिटात भरून, नाव छापून विकणाऱ्याकडे कागद नसेल तर मात्र विचारणे आपला हक्क आहे. मी विचारले तेव्हा तीन पाकीटवाल्यांपैकी एकाने लगेच कागद दाखवला, दुसऱ्याने तो घरी असल्याचे सांगितले, तिसऱ्याने सेंद्रियचा अर्थ नैसर्गिक असा असतो असे मलाच समजावले. दालनातल्या बायांपैकी कुणीही पाटी लावलेली नव्हती. एकीला औषध मारता का असे विचारले तर तिने भाजीवर मारत नाही, नारळाला मात्र भुंगा लागला तेव्हा मारावे लागले, असे सांगितले. त्या उत्तरावर मी तिच्याकडून नारळही घेतले.

आता त्या अंगणाविषयी, ज्याबद्दल माझी मुख्य तक्रार आहे. चवथ जवळ आली की गोव्यातल्या हिंदू घरांत गणपतीच्या वर माटोळी बांधली जाते, आणि त्या चौकटीला टांगायला रानातली फळे, फुले आणि औषधी वनस्पती लागतात. कांगणी, कवंडळ, घागऱ्या, नागलकुडा, हरणाची फुले, शेरवडाची पांढरी पाने, जोडीला शिपट्यासकट सुपारी, पपनस, नारळांचा घोस. हे सामान आणणाऱ्या बाया सत्तरी, सांगे, केपे या बाजूंच्या, डोंगर चढून गोळा करणाऱ्या. त्यांच्याकडे कृषी कार्ड नाही, कारण त्यासाठी जमिनीचा कागद, म्हणजे एक-चवदाचा उतारा, लागतो आणि ज्या जमिनीवरून हे सामान येते ती त्यांच्या नावावर नसते. म्हणून नियमाप्रमाणे त्यांना दालनात जागा नाही. त्या उघड्या अंगणात, जिथे पूर्वी बिया वाळत, तिथे ताडपत्रीची टोके दगडाखाली दाबून बसतात. अंगणाला बिया वाळण्यासाठी उतार दिलेला आहे, त्यामुळे वरचे पाणी बरोबर त्यांच्या टोपल्यांखालून वाहते. त्यांपैकी एकीला आत का बसत नाही असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, “रानाचो एक-चवदा आमकां कोण दितलो?”

ज्या नियमाने बेळगावचा फ्लॉवर बाहेर राहिला त्याच नियमाने ही बाईही बाहेर राहिली आहे. हे जाणूनबुजून झाले असे मी म्हणत नाही; नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शेत होते, रान नव्हते. पण माझ्या त्या एका प्रश्नाला संपूर्ण बाजारात सर्वांत चांगली उत्तरे याच बायांनी दिली. कवंडळ दिसायला देखणे असले तरी विषारी असते, पोरांच्या हाती लागेल असे टांगू नका, हे एकीने न विचारता सांगितले. दुसरीने कांगणीची फांदी दाखवून ती कुठल्या बाजूने तोडली तर पुढच्या वर्षी पुन्हा फुटते हे समजावले, आणि ओरबाडून आणणाऱ्या पोरांबद्दल दोन शब्दही सुनावले. गावच्या पंचायतीने किंवा बचतगटाने दिलेले साधे पत्र कृषी कार्डाऐवजी ग्राह्य धरले तर प्रश्न एका दिवसात सुटेल. फाटकाजवळची साबणाची रांग चार हात मागे सरकवली तर छपराखाली त्यांना जागाही होईल.

याच अंगणात रानअळमीही, म्हणजे रानातली अळंबीही, येतात, आणि त्यांच्याबद्दल मात्र माझे मन द्विधा आहे. वारुळांवर उगवणाऱ्या या अळमींची लागवड करता येत नाही, कारण त्या वाळवीच्या आधारानेच वाढतात. पावसाळ्यात काही आठवडेच त्या मिळतात आणि पानांत गुंडाळलेल्या पुडीचा भाव ऐकून मासे स्वस्त वाटू लागतात. अभयारण्यातून त्या काढणे कायद्याने मना आहे, आणि कळी उमलण्याआधीच उपटल्या तर बीजाणू पडायलाही वाव राहत नाही. मी उमललेल्या आणि मोठ्या अळमींची एक पुडी घेतली, बंद कळ्यांच्या पुड्या ठेवून दिल्या. विक्रेतीला ते आवडले नाही, कारण शहरातल्या गिऱ्हाइकाला कळ्याच हव्या असतात.

खाण्याच्या ठेल्यांपैकी एकच सांगण्यासारखा आहे: बॉयलरच्या जुन्या कट्ट्यावर एक जोडपे नाचणीची आंबील, हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या आणि तवशाची तवसळी विकते. पातोळीतले चून ओल्या खोबऱ्याचे आणि माडाच्या गुळाचे असते, साखरेचा मोह त्यांनी टाळला आहे. दहा वाजता ती संपते. बाकीच्या ठेल्यांवर सँडविच, वॅफल आणि दोनशे रुपयांची कॉफी आहे; ती शहरात कुठेही मिळते.

भावांबद्दल बोलायचे तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापेक्षा इथे जुडीमागे पाच-दहा रुपये जास्त पडतात आणि घासाघीस फारशी चालत नाही. ते मला खटकले नाही, कारण शुक्रवारी मधला व्यापारी काढून घेतो तो वाटा इथे बाईच्या कमरेच्या पिशवीत जातो. खटकते ते बसण्याचे भाडे. साबणवाल्याला आणि दोन टोपल्या घेऊन आलेल्या बाईला ते सारखेच आहे, आणि पाऊस पडून गिऱ्हाईक फिरकले नाही तरी ते द्यावेच लागते. त्यात रविवारी कदंब बसच्या फेऱ्या कमी असतात, म्हणून सत्तरीकडच्या बाया चार-पाच जणी मिळून टेम्पो करतात आणि पहाटे अंधारातच निघतात. टोपलीमागे भाडे आकारले तर निम्म्या टोपलीने आलेली ती भेंडीवाली निदान तोट्यात जाणार नाही. दालनाच्या मध्यभागी ग्राहकांसाठी ठेवलेला वैधमापन खात्याचा शिक्का असलेला तराजू मात्र कौतुकास्पद आहे. कुणीही आपली पिशवी त्यावर ठेवून पाहू शकतो, आणि बहुधा म्हणूनच कुणाला ठेवावी लागत नाही.

सोयींचे थोडक्यात: बाजार सकाळी आठला उघडतो आणि एकला मिटतो, पण दहानंतर दालनात उरते ते उरलेलेच. चारचाकीसाठी जागा अपुरी आहे, दुचाकी सहज लागते. स्वच्छतागृह प्रतवारीच्या खोलीमागे आहे आणि स्वच्छ आहे. दालनाला उतार केलेला असल्यामुळे चाकाची खुर्ची आत जाते, बोर्म्याला मात्र दोन पायऱ्या आहेत. प्लास्टिकच्या पातळ पिशव्या इथे कुणी देत नाही आणि मागूही नये. ओल्या भाजीसाठी कापडी पिशवीसोबत एखादी वेताची टोपली आणली तर तांबडी भाजी चिरडत नाही.

चवथीच्या आदल्या रविवारी जाणाऱ्यांनी आठच्या आधीच पोचावे आणि दालनाआधी अंगणात जावे, कारण माटोळीचे सामान तासाभरात उचलले जाते आणि कांगणी तर त्याहूनही लवकर. घेतलेले सामान त्या बायांकडेच ठेवायला सांगितले तर त्या पानांत बांधून, नाव विचारून बाजूला ठेवतात, म्हणजे ओले ओझे घेऊन दालनात फिरावे लागत नाही. सुट्टे पैसे मात्र न विसरता न्यावेत; दालनात सर्वांकडे स्कॅन करायचे फलक आहेत, अंगणात एकीकडेही नाही, आणि पत्र्याखालून बाहेर येईपर्यंत फोनला रेंज लागत नाही.